डिमर लावला अन् दिवे लुकलुकू लागले. दोष कुणाचा, खर्च कुणाचा?

नवे घर, पीओपीचे छत, छतात बसवलेले एलईडी दिवे आणि बोर्डावर प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर. शहरातल्या फ्लॅटपुरती असलेली ही हौस आता खुलताबाद तालुक्यातल्या वेरूळसारख्या गावातल्या घरांपर्यंतही येऊन पोचली आहे. घृष्णेश्वराच्या दर्शनाला आणि लेण्या पाहायला येणाऱ्यांसाठी राहत्या घराला जोडून दोन-चार खोल्या काढायच्या, तर प्रकाशयोजना जरा बरी हवी, हेही त्यामागचे एक कारण. अडचण सुरू होते ती वास्तुशांतीनंतर. डिमर थोडा फिरवला की दिवे लुकलुकतात, बोर्डातून गुणगुण ऐकू येते, बटण बंद केले तरी रात्री दिवे मिणमिणत राहतात. ठेकेदार म्हणतो दिवे हलके आहेत, दुकानदार म्हणतो डिमर चुकीचा लावला, वायरमन म्हणतो गावातल्या व्होल्टेजचा दोष आहे. तिघेही कधी ना कधी खरे बोलतात, म्हणूनच हा वाद सुटत नाही.

डिमर नेमके करतो काय?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची असते. म्हणजे विजेची लाट सेकंदाला ५० वेळा पूर्ण होते आणि तिचे १०० अर्धे भाग पडतात. डिमर या प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापतो. जितका मोठा तुकडा कापला तितका प्रकाश कमी. नाटकाच्या प्रकाशयोजनेत डिमर फार जुना आहे. मात्र भिंतीवरच्या बोर्डात मावणारा इलेक्ट्रॉनिक डिमर अमेरिकेतल्या जोएल स्पायरा यांनी १९५९च्या सुमारास तयार केला आणि तो तारेच्या, म्हणजे फिलामेंटच्या पिवळ्या बल्बसाठी होता.

फिलामेंटचा बल्ब स्वभावाने गरीब. लाटेचा तुकडा कापला तरी तापलेली तार तेवढ्या क्षणात गार होत नाही, त्यामुळे प्रकाश सलग दिसतो. एलईडीचे तसे नाही. दिव्याच्या पोटात एक छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मिळेल त्या विजेतून ठरावीक करंट काढून एलईडीला पुरवणे हे त्याचे काम. डिमर वीज कापतो आणि ड्रायव्हर ती भरून काढायला बघतो. दोघे एकमेकांशी भांडू लागतात. हे भांडण म्हणजेच लुकलुक. डिमरवर चालण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या दिव्याच्या ड्रायव्हरला ‘वीज कापली आहे, म्हणजे प्रकाश कमी करायचा आहे’ हे कळते. साध्या दिव्याला ते कळत नाही. खोक्यावर ‘डिमेबल’ असे छापलेले नसेल, तर तो दिवा डिमरसाठी नाही असेच धरून चालावे.

२०१५मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर एलईडी घरोघरी गेले, पिवळे बल्ब हद्दपार झाले. पण दुकानांतून आणि जुन्या बोर्डांतून पिवळ्या बल्बच्या काळातले डिमर काही लगेच गेले नाहीत. भांडणाचे निम्मे मूळ इथे आहे.

डिमर चांगला, दिवेही चांगले. तरी लुकलुक का?

कारण जोडी जुळत नाही. डिमर दोन प्रकारचे असतात. लाटेची सुरुवात कापणारा तो ‘लीडिंग एज’, शेवट कापणारा तो ‘ट्रेलिंग एज’. पहिला जुना, स्वस्त आणि सर्रास मिळणारा. ट्रायॅक नावाच्या सुट्या भागावर चालतो. तो प्रत्येक अर्ध्या लाटेला वीज एकदम सोडतो, तो धक्का ड्रायव्हरला बसतो आणि त्यातून गुणगुण येते. दुसरा महाग, पण एलईडीशी त्याचे सहसा बरे जमते.

त्याहून जास्त वेळा नडते ती किमान भाराची अट. ट्रायॅक चालू राहायला त्यातून ठरावीक करंट वाहत राहावा लागतो. समजा, डिमरवर ‘६० ते ४०० वॉट’ असे छापले आहे. पूर्वी हॉलमध्ये ६० वॉटचे ६ बल्ब असते तर भार ३६० वॉट झाला असता आणि डिमर मजेत चालला असता. आता त्याच जागी ७ वॉटचे ६ एलईडी आहेत. सगळे पूर्ण उजेडावर असले तरी भार ४२ वॉट. डिमरला लागणारा किमान भारच मिळत नाही. इथे दिव्यात दोष नाही, डिमरमध्ये नाही, वायरिंगमध्येही नाही. दोष निवडीत आहे, आणि निवड कुणी केली हा पुढच्या वादाचा कळीचा प्रश्न आहे.

कमाल आकड्याचाही असाच घोळ. ‘४०० वॉट’ हा आकडा फिलामेंट बल्बसाठी असतो. एलईडीसाठीची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असते. ती कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावी लागते. ‘४०० भागिले ७, म्हणजे पन्नास दिवे बिनधास्त लावा’ हा हिशेब चुकीचा आहे.

आणखी एक प्रकार आपल्याकडे हमखास दिसतो: पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावणे. बोर्डात दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हींना गोल खुंटी असते. पण टप्प्याटप्प्याने फिरणारे आजचे बहुतेक रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतात. ते पंख्याच्या मोटरसाठी असतात. त्यावर एलईडी लावला तर तो एक तर मंद होत नाही किंवा वेड्यासारखा वागतो.

छतातल्या कोव्हमधल्या एलईडी पट्टीचे गणित आणखी वेगळे. ती १२ किंवा २४ व्होल्टवर चालते आणि तिचा ड्रायव्हर बाहेर, बहुधा पीओपीच्या आत दडलेला असतो. हा ड्रायव्हर डिमेबल नसेल तर भिंतीवरचा कितीही भारी डिमर उपयोगाचा नाही. मोबाइलवरून चालणारे स्मार्ट बल्ब तर डिमरवर लावूच नयेत; प्रकाश कमी करण्याची सोय त्यांच्या आतच असते.

दोष कसा शोधायचा?

आधी डिमर नसलेले दिवे पाहावेत. स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला साध्या बटणावरचा दिवाही त्याच वेळी लुकलुकत असेल, तर डिमरला दोष देण्यात अर्थ नाही. पुरवठ्यात किंवा मीटरजवळच्या जोडणीत काही तरी ढिले आहे. शेजाऱ्याकडेही तेच होत असेल तर प्रश्न डीपीचा किंवा खांबावरचा. घरातले काही दिवे अचानक भगभगीत आणि काही मंद झाले असतील, किंवा शेजारच्या घरात तसे होत असेल, तर न्यूट्रल तुटल्याची शंका घ्यावी. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर व्होल्टेज ३०० पलीकडे जाऊ शकते. टीव्ही, फ्रिज, ड्रायव्हर सगळे एका झटक्यात जळते. अशा वेळी मेन स्विच बंद करायचा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवायचे. प्रयोग करत बसण्याची ही वेळ नव्हे.

फक्त डिमरवरचेच दिवे बिघडत असतील, तर पुढचा प्रश्न: हे केव्हा होते? लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच होत असेल तर उत्तर मिळाले. स्वस्त इन्व्हर्टर विजेची गोल लाट न देता पायऱ्यांसारखी चौकोनी लाट देतात. लाट कापून काम करणारा डिमर अशा लाटेवर गोंधळतो, घुमू लागतो. हा दोष फिटिंगचा नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा किंवा डिमरचे सर्किट इन्व्हर्टरवरून काढून टाकावे. ग्रामीण भागात ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की ठेकेदाराला फोन करण्याआधी हे एवढे पाहायलाच हवे.

त्यानंतरची चाचणी जुन्या वायरमनना पाठ असते. मेन बंद करून डिमरवरच्या एका होल्डरमध्ये ६० वॉटचा पिवळा बल्ब लावायचा, बाकीचे दिवे काढायचे. डिमर फिरवल्यावर बल्ब शांतपणे मंद झाला, तर डिमर आणि वायरिंग बहुतेक ठीक आहे. बिनसले आहे ते एलईडीशी. पिवळा बल्बही थरथरला, तर डिमर खराब आहे किंवा जोडणी ढिली आहे. मात्र डिमरचा किमान भार ६० वॉटपेक्षा जास्त असेल तर ही चाचणी फसवेल, हे ध्यानात ठेवावे. छतातल्या पॅनल दिव्यांना होल्डर नसतो. तिथे उलट बाजूने जायचे: वायरमनकडून डिमर काढून त्या जागी साधे बटण बसवून घ्यायचे. लुकलुक थांबली तर डिमर आणि दिव्याची जोडी चुकली. थांबली नाही तर दिवा, ड्रायव्हर किंवा जोडणी. बोर्ड उघडण्याचे काम घरच्या माणसाने करू नये.

बंद करूनही दिवा मिणमिणत असेल तर दोन शक्यता. डिमरच्या किंवा निऑन इंडिकेटर असलेल्या बटणाच्या आतून थोडा करंट झिरपतो आणि एलईडीला तेवढाही पुरतो. हे त्रासदायक असले तरी बहुधा घातक नसते. दुसरी शक्यता मात्र गंभीर आहे: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असणे. मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो आणि बल्ब बदलायला गेलेल्याला शॉक बसू शकतो. परवानाधारक वायरमन दोन मिनिटांत हे तपासून सांगतो. हा दोष निघाला तर कुणी कुणाला काय सांगितले होते याची चर्चाच उरत नाही. ही सरळसरळ कामातली चूक आहे आणि ती करणाऱ्यानेच फुकट दुरुस्त करायची.

जिन्यात खालून आणि वरून असे दोन डिमर एकाच दिव्याला लावलेले आढळतात. साधे डिमर असे चालत नाहीत. एका टोकाला डिमर आणि दुसऱ्या टोकाला टू-वे बटण हवे. डिमर किंचित कोमट लागणे स्वाभाविक आहे. हात ठेवता येणार नाही इतका तापत असेल, प्लेट पिवळी-तपकिरी पडली असेल, जळका वास किंवा चरचर येत असेल, तर त्या सर्किटचे एमसीबी पाडून ठेवावे. आगीचा धोका लुकलुकीतून नसतो, ढिल्या जोडणीतून असतो.

मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पुरावा होतो का?

होतो, पण जपून. मोबाइलच्या कॅमेऱ्यात चांगल्या एलईडीवरही काळे पट्टे सरकताना दिसतात; तो शटरचा खेळ आहे. केवळ पट्टे दाखवून ‘दिवे खराब’ असे म्हटले तर समोरचा जाणकार ते खोडून काढील. त्यापेक्षा एकाच सलग व्हिडिओत डिमर फिरवणारा हात, डोळ्यांना दिसणारी लुकलुक, बोर्डाचा आवाज आणि शेजारचा साध्या बटणावरचा स्थिर दिवा असे सगळे यावे. दिव्यांची व डिमरची खोकी फेकू नयेत. त्यांवर वॉट, डिमेबल आहे की नाही, आणि भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असतो. एलईडी दिव्यांना ही नोंदणी सक्तीची आहे आणि ‘बीआयएस केअर’ या अॅपवर क्रमांक टाकला की तो खरा आहे का हे कळते.

मग जबाबदारी कुणाची?

पहिली सीमारेषा मीटरची. मीटरपर्यंतचा पुरवठा महावितरणचा, मीटरनंतरचे सगळे ग्राहकाचे. घरातल्या डिमरची तक्रार घेऊन महावितरणच्या कार्यालयात गेल्याने वेळ जातो, बाकी काही होत नाही.

मीटरच्या आतली जबाबदारी ठरते ती काम कसे दिले होते यावर. आपल्याकडे दोन पद्धती आहेत. एक, ‘मटेरियलसह’. वायर, बोर्ड, दिवे, डिमर सगळे ठेकेदार आणतो. अशा कामात मालकाचा व्यवहार फक्त ठेकेदाराशी असतो. डिमर आणि दिवे जुळत नसतील तर ‘कंपनीचा माल खराब निघाला’ हे ठेकेदाराने दुकानदाराला सांगायचे, मालकाला नाही. मालकाला चालणारी प्रकाशयोजना मिळायला हवी.

दुसरी, ‘मजुरीवर’. मालक स्वतः संभाजीनगरला जाऊन माल आणतो, ठेकेदार पॉइंटप्रमाणे मजुरी घेतो. इथे मालाच्या निवडीची जबाबदारी मुख्यतः मालकाची, जोडणीची ठेकेदाराची. मालकाने दुकानदाराला ‘हे सहा एलईडी या डिमरवर चालवायचे आहेत’ असे सांगून त्याच्या भरवशावर माल घेतला असेल, तर चित्र बदलते. १९३०च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६नुसार, खरेदीचा हेतू सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेला माल त्या हेतूला योग्य असलाच पाहिजे. म्हणून बिलावर नुसते ‘डिमर १ नग’ असण्यापेक्षा मॉडेल क्रमांक आणि ‘एलईडीसाठी’ हे दोन शब्द लिहून घेतलेले बरे.

मधली जागा सर्वांत वादाची. मजुरीवर आलेल्या वायरमनला डिमरवरचा ‘किमान ६० वॉट’ हा आकडा दिसतो, हातात ४२ वॉटचे दिवे असतात, आणि तो काही न बोलता बसवून जातो. माल मालकाचा हे खरे, पण मजुरी नुसत्या स्क्रू पिळण्याची नसते, माहितीचीही असते. दिसणारी विसंगती सांगणे हा सेवेचाच भाग मानला पाहिजे. उलट, त्याने ‘हे चालणार नाही’ असे सांगितले, मालकाने ‘तू लाव तर खरं’ म्हटले, आणि व्हॉट्सअॅपवर तसा निरोप असेल, तर ठेकेदार सुटतो. काम पूर्ण झाल्यावर मालकानेच दिवे बदलून दुसऱ्या कंपनीचे लावले असतील तरीही तो सुटतो. हे बऱ्याचदा घडते आणि सांगितले जात नाही.

इंटिरियरवाला मध्ये असेल तर साखळी लांबते: मालक, इंटिरियर ठेकेदार, त्याचा वायरमन, दुकानदार, कंपनी. करार ज्याच्याशी आणि पैसे ज्याला, त्याच्याकडेच मागणी करायची. ‘तो वायरमन आता नाशिकला गेला’ ही मालकाची अडचण नव्हे. पीओपी फोडून ड्रायव्हर काढावा लागला तर छत परत करण्याचा खर्च कुणाचा, हाच खरा मोठा आकडा असतो. ड्रायव्हरपर्यंत पोचायला झाकण न ठेवता छत बंद केले असेल तर तो दोष छत करणाऱ्याचा. हे आधीच बोलून घ्यावे.

परवाना पाहायचा का?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांनुसार घरातले नवे वायरिंग, वाढीव काम वा फेरफार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीत व्हायला हवेत. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे यातून वगळले आहे, पण मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. म्हणजे जुन्या बटणाजागी तसेच बटण बसवणे वेगळे आणि छतात नव्या लाइन ओढणे वेगळे. गावोगावी बिनपरवाना वायरमनच हे काम करतात आणि त्यांतले कित्येक हाताने उत्तम असतात, हे खरे. पण अपघात झाला किंवा प्रकरण आयोगापुढे गेले की परवाना क्रमांक असलेले बिल आणि कोऱ्या चिठ्ठीवरचा हिशेब यांत फार फरक पडतो. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतो. ठेकेदाराकडे अडकलेले पैसे काढून देणे त्याचे काम नाही.

उरलेले पैसे अडवून ठेवावेत का?

पूर्ण रक्कम अडवणे ठेकेदारावर अन्याय होतो आणि वादात आपली बाजूही लंगडी होते. घरातले ४० पॉइंट नीट चालत असतील आणि एकाच डिमरचा प्रश्न असेल, तर त्या दुरुस्तीला लागेल तेवढी रक्कम राखून बाकीची द्यावी, आणि किती, कशासाठी राखली हे लेखी कळवावे. सोबत दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्यावी. दुसऱ्याकडून काम करून घेण्याआधी पहिल्याला एक संधी दिली होती हे दाखवता आले पाहिजे. नाहीतर ‘दुसऱ्याने हात लावला, आता माझी जबाबदारी नाही’ हे उत्तर तयारच असते.

बहुतेक वेळा तोडगा स्वस्त असतो. ट्रेलिंग एज डिमर आणून मालकाने त्याची किंमत द्यायची, ठेकेदाराने मजुरी सोडायची. किंवा डिमरचा नादच सोडून दिवे दोन बटणांवर विभागायचे, तीन एकीकडे, तीन दुसरीकडे. सहा दिव्यांच्या हॉलला खरे तर एवढे पुरते.

तोडगा नाहीच निघाला तर?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यामुळे ठेकेदार पुण्याचा असला तरी वेरूळच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरलाच दाद मागता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी काढलेल्या खोल्यांबाबत मात्र सावध राहावे. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेसाठी या कायद्याने ‘ग्राहक’ होता येत नाही. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना कायद्याने सूट दिली आहे, पण ठेकेदाराच्या सेवेला ती लागू होते का यावर समोरचा पक्ष हमखास बोट ठेवील. राहत्या घराचे आणि भाड्याच्या खोल्यांचे काम एकाच ठेकेदाराने केले असेल, तर दोन्हींचे कोटेशन आणि बिल पहिल्यापासून वेगळे घ्यावे.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि माल प्रयोगशाळेत तपासायचा असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तोवर वादातला डिमर आणि दोन-तीन दिवे काढून, तारीख लिहून, खोक्यासह बाजूला ठेवावेत. भंगारात गेलेला डिमर तपासायला पाठवता येत नाही.